एका बाजूनं सपाट

सासऱ्यांचा चाकू मी दुरुस्त केला. तो बिघडलेला नव्हता, हे मला सहा दिवसांनी कळलं.

मी साजगावच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू डोळ्यांजवळ न्यायच्या आणि 'ही बाजू त्या बाजूसारखी नाही' असं म्हणून परत पाठवायच्या, याचा मला सव्वीस वर्षं पगार मिळतो आहे. ही नजर घरी येताना काढून ठेवता येत नाही. पोळी एका कडेला जाड लागली की मी ती उजेडाकडे धरतो, आणि बायको मला दुसरी वाढत नाही. अशा माणसाच्या हातात सासऱ्यांनी एका रविवारी आपला मिटवायचा चाकू ठेवला आणि जरा धार बघा म्हणून सांगितलं.

मी बघितली. पात्याची उजवी बाजू धारेकडे छान उतरत गेलेली होती. डावी मात्र पाठीपासून धारेपर्यंत सरळ सपाट, कुणी घासायची विसरल्यासारखी. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसानं चाळीस वर्षं एकाच अंगानं घासलाय, दुसरं काय होणार. मग कारखान्यातून आल्यावर तीन संध्याकाळी मी गॅलरीत बसलो आणि डावीकडूनही उजवीसारखाच उतार काढला. दोन्हीकडं सारखा, अगदी मापात. वर चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पातं ओढलं आणि हाताच्या केसांवर चालवून बघितलं. केस उडाले. इतका खूश मी मुलीच्या दहावीच्या निकालालाही नव्हतो.

या केसांचं सांगून टाकतो. माझ्या डाव्या हातावर मनगटाच्या वर चार बोटं रुंदीचा पट्टा कायम गुळगुळीत असतो. कारखान्यात नवीन आलेली माणसं भाजलं का म्हणून विचारतात. जुनी माणसं त्यांना बाजूला घेऊन सांगतात, आणि मग तीही जरा लांबूनच बोलतात.

माझ्याकडं असे मिटवायचे अकरा चाकू आहेत. एक नेरळच्या बाजारात एका कुलूप-किल्लीवाल्याच्या चटईवर सापडला, एक खोपोलीच्या भंगारवाल्याकडं तागडीत जायच्या आत उचलला, दोन जत्रेतले, बाकीचे लोकांनी 'घेऊन जा एकदाचा' म्हणून दिलेले. ते मी चष्म्याच्या जुन्या घरांत ठेवतो, कारण मापाला तेच बसतं. त्यामुळं आमच्याकडं चष्मा शोधणाऱ्याला हमखास चाकू मिळतो. त्यांतला एक रोज माझ्या खिशात असतो. त्यानं मी आजवर काय काय कापलं आहे म्हणाल, तर पार्सलची चिकटपट्टी, पेरू, डब्यातला कांदा आणि एकदा लिफ्टच्या दारात अडकलेली शेजारणीची ओढणी. ओढणीचं तिला अजून पटलेलं नाही.

पण कापण्यासाठी मी ते जमवत नाही. मला प्रश्न पडतात. एक चाकू मिटताना टक् वाजतो आणि दुसरा नुसता दबकन बसतो, ते का? पातं उघडायला नखाची खाच नेहमी एकाच बाजूला का असते, आणि डावखुऱ्या माणसानं काय करायचं? शिंगाच्या मुठीचा चाकू आषाढात फुगून इतका घट्ट होतो की उघडायला दोन माणसं लागतात, मग ज्यानं बनवला त्याच्या गावी पाऊस पडत नसेल का? असले प्रश्न घरात कुणालाच पडत नाहीत. म्हणून जेवताना सगळे जण ताटात बघून जेवतात.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. खालापूरच्या पलीकडं एका गावात त्यांची थोडी शेती आहे आणि रस्त्याला लागून घर. त्यांचा चाकू मी लग्नाच्या मांडवातच बघून ठेवला होता. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, आणि घासून घासून अरुंद झालेलं पातं. बंडीच्या आतल्या खिशात तो असायचा. मी बघायला मागितला की ते स्वतःच्या तळहातावर ठेवून दाखवायचे आणि परत आत घालायचे. माझ्या हातात कधीच नाही. त्यामुळं त्या रविवारी त्यांनी तो दिला तेव्हा मी असा समज करून घेतला की अखेर या घरात माझ्या विद्येची कदर झाली. खरं कारण उघड होतं. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि डॉक्टरांनी महिनाभर खाली वाकायचं नाही, जोर करायचा नाही, असं बजावलं होतं. धार कशासाठी हवी आहे, हे मी विचारलं नाही. जाणकार माणूस असलं विचारत नसतो.

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं नवराबायको पावसातच चाकू घेऊन गेलो. मामा पडवीत खुर्चीवर बसले होते, डोळ्यांना हिरवा चष्मा. चाकू त्यांनी न बघताच उघडला आणि डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला. अंगठा धारेजवळ येऊन थांबला. पुन्हा मागं गेला, पुन्हा तिथंच थांबला.

"ही बाजू कुनी काढली?"

मी म्हणालो, मीच. दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या, म्हणून जरा सारख्या केल्या.

ते म्हणाले, "जावई, हा कलमाचा चाकू हाय. त्याची एक बाजू सपाटच असते. तशी नसंल तर तो नुसता भाजीचा."

बायको आतून पाण्याचे तांबे घेऊन आली होती. तिनं एक तांब्या बापाच्या हातात दिला, दुसरा माझ्या हातात द्यायच्या ऐवजी जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "अहो, विचारायचं तरी."

मग मामांनी मला मागल्या अंगणात नेलं. तिथं न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला एक आंबा आहे, म्हणजे होता. कुणी लावला नव्हता. सासूबाईंनी कधीतरी कोय तिकडं भिरकावली आणि ती रुजली. खायला त्याचं फळ वाईट. आंबट, आणि रेषा अशा की चोखल्यावर तासभर दात कोरत बसावं. पण लोणच्याला त्याच्या तोडीचं फळ मी बघितलेलं नाही. फोड वर्ष झालं तरी करकरीत राहते. सासूबाई दर वर्षी एक बरणी आमच्याकडं कर्जतला पाठवायच्या, आणि त्या गेल्यावर गेली चार वर्षं मामा स्वतः ते लोणचं घालत होते, मीठ जास्त टाकून. त्या आंब्याच्या बुंध्यावर आता तांबड्या रंगाचा पट्टा मारून आकडा लिहिला होता. न्हाणीमागून जाणारा मोठा रस्ता रुंद व्हायचा होता. माणसं सोमवारी सकाळी येणार होती.

पडवीच्या कडेला चौदा काळ्या पिशव्या मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत कोयीतून आलेलं वीतभर रोप, तांबूस कोवळ्या पानांचं. कोयी त्याच झाडाच्या. मला ताबडतोब प्रश्न पडला आणि परिस्थिती न बघता मी तो विचारला. कोयी त्याच झाडाच्या आहेत, तर ही रोपं म्हणजे तेच झाड नाही का झालं? कलम कशाला बांधायचं?

"कोयीतून पोर होतं," मामा म्हणाले. "ते कुनावर जाईल सांगता येत नाय. मला पोर नको. हीच पायजे."

ती हवी असेल तर झाडाची काडी कापून रोपावर बसवायची, असा हिशेब. त्यासाठी त्यांनी दहा दिवस आधीच गड्याकडून निवडक डहाळ्यांची पानं खुडून घेतली होती, देठ तेवढे ठेवून. म्हणजे टोकाचा डोळा फुगतो. आता तो फुगून तयार होता. सोमवारनंतर झाड नव्हतं, आणि झाड असतं तरी आणखी चार दिवसांत डोळे फुटून काड्या वाया गेल्या असत्या. एक चाकू तेवढा हवा होता, आणि तो मी भाजीचा करून आणला होता.

मी गाडीकडं धावलो. गाडीत माझे पाच चाकू होते. का होते ते बायकोनं तेव्हा विचारलं नाही, नंतर विचारलं. चष्म्याची पाच घरं मी मामांसमोर ओळीनं मांडली. त्यांनी एकेक उघडला, अंगठा फिरवला, मिटवला, बाजूला ठेवला. मी कारखान्यात ज्या तोंडानं माल परत पाठवतो ते तोंड समोरून कसं दिसतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा बघायला मिळालं. त्यांतल्या त्यात बऱ्या वाटलेल्या एका चाकूनं त्यांनी पेरूची काडी तिरकी कापली, दुसरी तशीच कापली, दोन्ही काप एकमेकांना लावले आणि आभाळाकडं धरले.

"उजेड दिसतोय," म्हणाले.

मीही डोळा लावला. दोन कापांच्या मधून केसाएवढी पांढरी रेघ दिसत होती. दोन्हीकडं उतार असलेलं पातं लाकडात सरळ जात नाही. ते मध्येच वर चढतं, आणि काप चमच्यासारखा खोलगट होतो. मग काडी आणि रोप एकमेकांना टेकत नाहीत, आणि न टेकलेलं जगत नाही. सपाट बाजूचं पातं लाकडावर पाठ टेकून चालतं, रंध्यासारखं. आता रंध्याचं पातंही एकाच बाजूनं उतरतं असतं. माझ्या घरी दोन रंधे आहेत. इतक्या वर्षांत मला त्यांची दुसरी बाजू घासावीशी वाटली नाही, हे नशीब.

कर्जतच्या शेतीमालाच्या दुकानात फोन केला. कात्र्या आहेत म्हणाले, कलमाचे चाकू संपले. तेव्हा एकच उपाय उरला. जेवढा उतार मी डावीकडं काढला होता, तो नाहीसा होईपर्यंत ती सगळी बाजू दगडावर घासून खाली आणायची. मामांना वाकायचं नव्हतं. म्हणजे मीच.

त्यांचा दगड हातभर लांब, मध्ये जरासुद्धा खड्डा नाही. तो त्यांनी पडवीच्या कडेला अशा ठिकाणी ठेवायला लावला की कौलांवरची पागोळी बरोबर त्याच्यावर पडावी. वेगळं पाणी घालायला नको. मी पाटावर बसलो, पातं आडवं निजवलं, आठ बोटांनी दाबलं आणि घासायला लागलो. अर्ध्या तासानं विचारलं, झालं का? मामांनी अंगठा फिरवला आणि चाकू परत माझ्या हातात दिला. पुन्हा अर्धा तास. तेव्हा माझ्या नोकरीचा एकदाचा उपयोग झाला. कारखान्यात एखादी बाजू सपाट आहे का हे बघायचं असलं की आम्ही तिच्यावर निळा रंग चोळतो आणि ती एका अगदी सपाट लोखंडी पाट्यावर फिरवतो. जिथं टेकतं तिथला रंग जातो. मी बायकोला म्हटलं, कपड्यांची नीळ आहे का घरात? तिनं जरा वेळ माझ्याकडं बघितलं, पण आणून दिली. पात्याच्या डाव्या अंगाला नीळ चोळली, दहा हात मारले आणि बघितलं. पाठीकडचं सगळं पातं चकचकीत, आणि धारेच्या कडेनं निळी पट्टी, तांदळाच्या दाण्याएवढी रुंद. तेवढंच माझं पाप होतं, आणि ते आता मोजता येत होतं.

मामांनी चष्मा वर करून ते बघितलं. मग खुर्ची ओढून जवळ घेतली.

त्यानंतर काम रटाळ राहिलं नाही. दर शंभर हातांनी नीळ चोळायची, पट्टी किती उरली ते बघायचं. मध्ये रस्त्यानं जाणारा एक शेजारी थांबला आणि जावयाला कामाला लावलं का म्हणून त्यानं चौकशी केली. मामा म्हणाले, "त्यांचंच काम हाय, तेच निस्तरतायत." शेजाऱ्यानं बसायला पोतं मागून घेतलं आणि चहा होईपर्यंत बसला. घासायला लागल्यावर मला प्रश्न विचारता येत होते, आणि मामांना उठून जायचं कारण नव्हतं. अठरा वर्षांत विचारायचे राहिलेले सगळे मी विचारून घेतले. चाकू कुठला? तरुणपणी दोन पावसाळे ते एका रोपवाटिकेत कामाला होते, तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं जाताना दिलेला. मूठ तीच आहे का? मूठ तीच, आतली पट्टी एकदा बदलली. कुणाच्या हातात का देत नाही? तर प्रत्येकाचं मनगट आपापल्या बाजूला कलतं, आणि पातं त्या कलानं झिजतं. दुसऱ्यानं चार दिवस वापरला की मूळ माणसाला तो परका लागायला लागतो. हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं नाही, पण मी हात जरा सरळ धरला.

शनिवारी दिवेलागणीला पट्टी दोऱ्याएवढी झाली होती. माझी बोटं भिजून सुरकुतली होती आणि टोकं काळी पडली होती. त्या बोटांनी भाकरी मोडू नका, असं बायकोनं सांगितलं, आणि मोडून दिली. रविवारी सकाळी चहा घेऊन पुन्हा बसलो. दुपारच्या जेवणाआधी नीळ चोळली, दहा हात मारले, आणि पात्यावर निळं काही उरलं नाही. उजव्या बाजूनं मामांनी स्वतः हलक्या हातानं चार वेळा ओढलं, तेवढ्याला डॉक्टरांची हरकत नसावी. अंगठा फिरवला. तो धारेपर्यंत न थांबता गेला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"आना काड्या," म्हणाले.

काड्या बायकोनं आणल्या. कुठल्या फांदीच्या घ्यायच्या हे तिला सांगावं लागलं नाही. आकडीनं ओढून, कापून, ओल्या टॉवेलात गुंडाळून ती घेऊन आली आणि तिनं प्लास्टिकच्या पट्ट्या फाडून ठेवल्या. मामांनी रोपाचा शेंडा उडवला, बुडख्याला मधोमध चीर दिली. काडीचं बूड दोन बाजूंनी पाचरीसारखं कापलं, एका बाजूला एकच हात. पहिली पाचर त्यांनी चिरीत बसवली आणि आभाळाकडं धरली. मी बघितलं, बायकोनं बघितलं. उजेड नव्हता. काडी त्या रोपावर उगवल्यासारखीच दिसत होती. बायकोनं पट्टी गुंडाळली.

अशी आठ झाली. नववं रोप हातात घेतलं तेव्हा मामांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं. त्यांनी पंच्यानं टिपलं, पुन्हा चाकू धरला, पुन्हा टिपलं. मग मूठ माझ्याकडं करून चाकू पुढं केला.

"डोळा पानी धरतोय. उरलेली तुमी करा."

मी म्हणालो, मामा, मी वाया घालवीन. पिशव्या सहाच उरल्यात.

"मग सहाच वाया जातील. करा."

तो चाकू माझ्या हातात असताना पहिल्यांदाच त्याच्याविषयी एकही प्रश्न पडला नाही. पहिल्या कापातून उजेड दिसला, दुसऱ्यातूनही. दर वेळी मामा "परत" एवढंच म्हणायचे, आणि काडी बोटभर आखूड व्हायची. तिसऱ्या काडीला पातं लाकडावर पाठ टेकून कसं चालतं, ते हाताला कळलं. सांगून कळण्यासारखं ते नव्हतं. कशीबशी सहा बांधली. माझ्या पिशव्यांना मामांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायला लावल्या, कुणाची कुठली ते कळावं म्हणून. मग चाकू पुसला, मिटवला आणि बंडीत घातला.

सोमवारी मला कामावर जावं लागलं. बायको राहिली. तिनं दुपारी फोनवर सांगितलं की माणसं अकराला आली आणि तासाच्या आत सगळं झालं. बाबा तिकडं पाठ करून पडवीत बसले होते आणि पिशव्यांत पावसाचं पाणी साचतंय का ते बघत होते, सारखं.

महिन्यानं आम्ही पुन्हा गेलो. न्हाणीमागं इतका उजेड होता की घर चुकलं की काय असं वाटलं. पिशव्यांकडं जायचा मला धीर होईना. मामांच्या आठांपैकी सातांना तांबडे कोंब आले होते. माझ्या सहांपैकी चार काड्या जळलेल्या काडेपेटीच्या काड्यांसारख्या काळ्या उभ्या होत्या, आणि दोन फुटल्या होत्या. चिंधीवाल्या. मी तीन वेळा मोजल्या. निघताना मामांनी त्याच दोन पिशव्या उचलून आमच्या गाडीत ठेवल्या.

चौकाला वळून कर्जतच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बोलत होतो. बघ, म्हटलं, स्वतःच्या हातची सात असताना त्यांनी आपल्याला माझ्या हातची दिली. म्हणजे पटली त्यांना. एवढ्या वर्षांत त्या माणसानं मला असं कधी काही दिलं होतं का? हा विश्वास आहे, दुसरं काय. बायकोनं पिशव्या दोन पायांमध्ये घट्ट धरल्या होत्या आणि कोंबांना वारा लागू नये म्हणून काच वर घेतली होती. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "त्यांच्या हातची सात त्यांना कुणालाच द्यायची नाहीत. आणि तिथली मेली, तर काडी घ्यायला दुसऱ्या गावात दोन असावीत, म्हणून ही दिलीत. तुम्ही पाणी तेवढं घाला."